माझ्या घराचा स्लॅब

दहादा सांगून झालेली गोष्ट पुन्हा लिहायला लावतात. लोकांना कामं नाहीत. घ्या.

घरपट्टीची नवी आकारणी करायला निंबाळकर साहेब आले. आमच्या गल्लीत पाय न घालता, पंचायतीत बसूनच त्यांनी माझ्या पत्र्याच्या घराला स्लॅब लिहिला. पट्टी झाली तिप्पट. ती भरायची तर दारची म्हैस विकावी लागली असती, म्हणून मी हरकत घेतली.

साहेब म्हणाले, "आजोबा, कागदावर स्लॅब आहे म्हणजे आहे. माझी आकारणी चुकत नाही."

मी म्हणालो, "मग भांडण कशाला? चला, माझ्या स्लॅबवर बसून चहा घेऊ."

गावादेखत भिंतीला शिडी लावली. साहेब वर चढले आणि गंजलेला पत्रा बघून तिथंच थबकले.

"अहो, हा मोडेल की!"

"मोडेल कसा? तुमच्या सहीचा स्लॅब आहे. बसा बिनघोर."

साहेबांनी शिडीवरच कागद मागवला, स्लॅब खोडून पत्रा लिहिला आणि खाली उतरून माझी माफीही मागितली. माणूस बरा निघाला. अजून माफी मागितली नाही ती, ‘म्हाताऱ्यानं स्लॅब टाकलाय’ असं त्यांच्या कानात सांगणाऱ्या माझ्या साडूनं, गणपा खोपड्यानं.