विदूषकाची विजार

फार वर्षांपूर्वी गफूरमिस्त्री जुन्या शिलाई मशिनी हुडकून आणत आणि दुरुस्त करत. त्यांच्या दुकानात दोन म्हाताऱ्या मशिनी होत्या. धाकटीचं चाक मोडलेलं, थोरलीचं शटल. तसले भाग बाजारात मिळत नसत.

"तिचं काढून मला लावा," म्हणून दोघी रोज भांडत.

"रुसलेला भाग नीट बसत नाही," मिस्त्री म्हणत. "आधी तुमचं ठरू द्या."

एकदा सर्कशीतला विदूषक टॉवेल गुंडाळून, फाटकी विजार हातात घेऊन आला. "मिस्त्री, तासाभरात खेळ आहे. असा गेलो तर लोक भलत्याच कारणानं हसतील."

मग थोरली म्हणाली, "मिस्त्री, माझं चाक काढून तिला लावा."

विजार झरझर शिवून झाली.

"छान शिवलंस गं," थोरली कोपऱ्यातून म्हणाली.

"आपण शिवलं, अक्का," धाकटी म्हणाली. "वाकडा टाका तेवढा तुझ्या चाकाचा."