शंखाइतका दम

एकदा एक शिष्य आपल्या गुरूवर मनातून रुसला. रुसण्याचे कारण ना शास्त्र होते, ना मंत्र. कारण होते कबड्डीचे एक मैदान आणि त्यावर फुंकलेला एक शंख.

गुरू खाडीकाठच्या एका गावात राहत. पहाटे देवीची पूजा, सायंकाळी भजन आणि मधल्या वेळी, उन्हे कलली की, देवळामागच्या मैदानात मुलांना कबड्डीचे धडे, हा त्यांचा पन्नास वर्षांचा नित्यनेम. गाव त्यांना बुवा म्हणे. जप असो वा चढाई, दोन्ही देवाने दिलेल्या श्वासावरच चालतात, अशी त्यांची श्रद्धा होती. वयोमानाने गुडघे थकले तेव्हा त्यांनी भजन आपल्याकडे ठेवले आणि मैदान शिष्याच्या स्वाधीन केले.

शिष्य पंचक्रोशीत नावाजलेला गडी. समोरच्यांच्या मैदानात शिरून, पायाच्या चवड्याने एखाद्याला निसटता स्पर्श करून, तो डोळ्याचे पाते लवायच्या आत मध्यरेषेच्या अलीकडे येई. "हा आला कधी नि गेला कधी?" असे म्हणत बाद झालेला गडी आपल्याच पायाकडे पाहत राही.

त्या मुलखात एक जुनी रीत होती. माघातल्या जत्रेला खाडीच्या दोन्ही तीरांवरची गावे आपसांत कबड्डी खेळत. चढाई जुन्या नियमाने, एका दमात. घड्याळ कुणी पाहायचे नाही. जे गाव जिंकेल त्याने देवीपुढे पहिला नारळ वाढवायचा. अकरा वर्षे हा मान पैलतीराकडे होता. या वर्षीही तो तिकडेच गेला, तर संघ मोडावा आणि मैदान होड्या ओढून ठेवायला मोकळे करावे, असे गावकीने ठरवून टाकले होते.

शिष्याने मनाशी निर्धार केला: नारळ आणायचाच. त्याचा हिशेब सरळ होता. आपल्या एकट्याच्या चपळाईने लोक थक्क होतात; मग आपल्यासारखे सात उभे केले तर कोण टिकेल? त्याने सातही जणांना एकच धडा गिरवायला लावला. झेप घ्या, चवडा लावा, परत या. पुन्हा झेप घ्या.

पाच जणांचे कसेबसे जमत होते. दोघांचे काही केल्या जमेना. एक लवू गुरव, देवळात शंख फुंकणारा, उंच आणि संथ. दुसरा धाकू, एका तांडेलाचा मुलगा. होडीचे दोर ओढून त्याचे तळवे लाकडाच्या ढलप्यासारखे झाले होते आणि तो धावू लागला की सोबतचे गडी हसत.

"दादा, ह्याला उडी मारायला सांगू नका," एक जण म्हणाला, "देवळाचा पाया खचेल."

"खचला तर तू बांध," धाकू म्हणाला, "एवीतेवी तुला दुसरं येतं काय?"

सगळे हसले, शिष्य हसला नाही. त्याने धाकूला दोरीवरच्या उड्या मारायला लावल्या, भात कमी खायला सांगितले, पहाटे वाळूत पळवले. धाकू बारीक झाला, पण चपळ झाला नाही. उलट पूर्वी जे थोडे येत होते तेही गेले. जत्रेला एकवीस दिवस उरले तेव्हा शिष्य म्हणाला, "धाकू, उद्यापासून नको येऊस."

"बरं दादा." धाकूने सदरा उचलला, वाकून मध्यरेषेची माती कपाळाला लावली आणि तो खाडीच्या वाटेने निघून गेला. त्याने वाद घातला असता, तर शिष्याला इतके जड गेले नसते.

हे त्याने त्याच संध्याकाळी बुवांच्या कानावर घातले. बुवा मृदंगाच्या धुमाडीला, त्याच्या घुमणाऱ्या डाव्या तोंडाला, लावायची कणीक मळत होते. त्यांनी मान वर केली नाही. "उद्या मी मैदानावर येतो," एवढेच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बुवा आले ते देवघरातला शंख घेऊनच. त्यांनी तो लवूच्या हाती दिला आणि शिष्याला म्हणाले, "चढाई कर. लवू शंख फुंकेल. शंख थांबेपर्यंत तुझा दम सुटता कामा नये, आणि परतही यायचं नाही."

शिष्याला हे काही उमगेना. पण गुरूची आज्ञा. त्याने दम भरला, शंख घुमला आणि तो वाऱ्यासारखा आत शिरला. क्षणात दोघांना स्पर्श करून तो सवयीने वळला, तोच बुवांनी हात वर केला. "आतच राहा." तो आत राहिला. कबड्डी, कबड्डी... छाती भरून आली, कानांत गुणगुण सुरू झाली, शब्द ओठांतच तुटले. दम सुटला. तो गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकू लागला आणि शंख मात्र चालूच होता. देवळाच्या कळसावरून, माडांवरून तो नाद खाडीपर्यंत गेला आणि मग कुठे थांबला. पाठीमागून कुणीतरी फिस्सकन हसले.

आपल्याच गड्यांसमोर बुवांनी आपला असा पाणउतारा का करावा? शिष्य रुसला तो इथे. मुले घरी गेली तरी तो दीपमाळेच्या चौथऱ्यावर पाठ फिरवून बसून राहिला.

बुवा सावकाश येऊन शेजारी टेकले.

"तू नऊ वर्षांचा होतास," ते म्हणाले. "डांग्या खोकल्यातून उठलेला. आईने तुला इथे आणलं. चार वेळा कबड्डी म्हटलंस की तुझा दम सुटायचा, म्हणून पोरं तुला घेत नसत. मी महिनाभर तुला काहीच शिकवलं नाही. नुसतं पाहिलं. पाय हलका होता, नजर तिखट होती. मग ठरवलं, याचा दम संपायच्या आत याची चढाई संपली पाहिजे. लोक ज्याला तुझी वीज म्हणतात ना, ती तुझ्या आखूड श्वासावर काढलेली तोड आहे."

शिष्याने वळून पाहिले. "हे मला कधी बोलला नाहीत तुम्ही."

"बोललो असतो तर खेळताना तुझं लक्ष पायाकडे राहिलं नसतं, छातीकडे गेलं असतं. पण आज बोलावं लागलं. शंखाइतका दम ज्याला मिळाला आहे, त्याला तू आखूड दमाचा खेळ शिकवतो आहेस. मृदंगाची एक बाजू शाईने बोलते, दुसरी कणकेने घुमते. तू दोन्हीकडे शाई फासायला निघालास, मग नाद कुठून यायचा? मळा शिंपणाऱ्याला देव मळ्यात भेटला, मडकी घडवणाऱ्याला चिखलात भेटला. आपला धंदा टाकून दुसऱ्याचा उचल, असं त्याने कुणालाही सांगितलं नाही. आणि तू तर गुरू. माझा डाव शिकलास, बाळा. माझी नजर घ्यायची राहिली."

शिष्य आता पुरता त्यांच्याकडे वळून बसला. "मग मी आता काय करू?"

"महिनाभर नुसता पाहा."

"महिना कुठला बुवा? वीस दिवसच उरलेत."

"मग डोळे जरा जास्त उघड."

पहाटे शिष्य खाडीवर गेला. ओहोटीच्या ओढीत धाकू एकटाच होडी बांधत होता. होडी बाहेर झेपावली की तो दोर सैल सोडी आणि नुसता उभा राही. ओढ सरली की त्याच क्षणी दोर मनगटाला एक वेढा घेई आणि अवजड होडी जागच्या जागी थबके.

"हे कुणी शिकवलं तुला?"

"ह्यात शिकवायचं काय, दादा?" धाकू म्हणाला. "ओढणाऱ्याशी ओढाओढ करू नये. तो वळला की धरावं."

शिष्याने धोतर खोचले. "मी चढाई करतो. धर मला."

"इथे? चिखलात?"

"इथेच."

शिष्याने दोनदा हुलकावणी दिली. धाकू हलला नाही. तिसऱ्यांदा चवडा लावून तो वळला आणि त्याच्या घोट्याभोवती काहीतरी मिटले. पुढच्या क्षणी पंचक्रोशीतला नावाजलेला गडी तोंडावर चिखलात पडला होता.

"दादा! लागलं काय?" धाकू घाबरून गेला.

शिष्य चिखलातच उठून बसला आणि कित्येक महिन्यांत प्रथमच मनापासून हसला. "संध्याकाळी मैदानावर ये. डावा कोपरा तुझा. आणि भात पोटभर खा."

उरलेले दिवस सोपे गेले नाहीत. जुनी सवय जिभेवर बसली होती, "चवडा! झेप घे!" हे शब्द आपोआप तोंडात येत. म्हणून शिष्य मैदानात उतरताना तुळशीचे एक पान जिभेवर ठेवी आणि ते विरघळेपर्यंत बोलत नसे, फक्त पाहत असे. पहिल्या आठवड्यात संघ शेजारच्या वाडीकडूनही हरला. गावकीतले एक वृद्ध म्हणाले, "होड्या उद्याच ओढू या काय?" शिष्याने पान जिभेवर ठेवले. हळूहळू लवू लांबलचक चढाई शिकला. तो आत शिरून संथपणे घुमत राही, शंखासारखा. शेवटी समोरचा कुणीतरी कंटाळून अंगावर येई आणि बाद होई. ज्याने धाकूची चेष्टा केली होती त्याच्या लक्षात आले की आपण चढाईपेक्षा धाकूच्या शेजारी उभे राहून अधिक उपयोगी पडतो. दोघांचे टोमणे थांबले नाहीत, पण हात एकमेकांत गुंतले.

जत्रा आली. अंतिम सामन्यात पंचांनी शेवटची चढाई पुकारली तेव्हा गाव एका गुणाने पुढे होते, आणि चढाई पैलतीराची होती. आत आला तो गडी सडपातळ, पायाने हलका, नजरेने तिखट. रेषेबाहेर उभ्या असलेल्या शिष्याने त्याला पाहिले आणि ओळखले. वीस वर्षांपूर्वीचा तो स्वतःच जणू आत आला होता. पुढची प्रत्येक हालचाल त्याला आधीच दिसत होती. 'धाकू, पुढे सर!' असे ओरडावेसे वाटले. जिभेवर तुळशीचे पान होते. ते त्याने दातांखाली दाबून धरले.

एक हुलकावणी. धाकू उभा. दुसरी हुलकावणी. तिसऱ्यांदा तो गडी खरोखर वाकला, शेजारच्या गड्याला बोट लावून वळला, आणि धाकूने दोराला वेढा द्यावा तसा त्याचा घोटा धरला. गडी लांब पडला. मध्यरेषेपासून त्याची बोटे वीतभर दूर राहिली, माती खरडत राहिली आणि दम सुटला.

सायंकाळी आरतीला देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. पहिला नारळ वाढवण्याचा मान गावाने धाकूला दिला. गर्दीतून वाट काढत शिष्य बुवांच्या पाया पडला.

"मी दीपमाळेपाशी बसून नुसता आवाज ऐकत होतो," बुवा म्हणाले. "कुणासारखी खेळली मुलं?"

"ज्याची त्याच्यासारखी, बुवा."

बुवांनी मान हलवली आणि देवघरातला शंख त्याच्या पुढे धरला. "आज आरतीचा शंख तू फुंक."

शिष्याने शंख दोन्ही हातांनी घेतला, मस्तकाला लावला आणि मागे उभ्या असलेल्या लवूच्या हाती दिला. मग कोनाड्यातली झांज उचलली आणि तो आरतीला उभा राहिला.