पिकअपला गुण कशाने आला

फार फार पूर्वीची गोष्ट. किती पूर्वीची, ते विचारू नका. कोल्हे आणि कावळे माणसांशी बोलत, त्या काळातली. पिकअप मात्र तेव्हाही बोलत नव्हती. तिचं दुखणं माणसालाच ओळखावं लागे.

एका डोंगरावर एक गाव होतं. गावात म्हशी चिक्कार, दूध चिक्कार, आणि दूध घेणारी डेअरी मात्र पार घाटाखाली. म्हणून गावाने मिळून एक डिझेलची पिकअप आणली आणि तिची किल्ली सगुणेच्या हाती दिली. सगुणा ही गावच्या गुरवाची सून. पण किल्ली काही सून म्हणून मिळाली नव्हती. भर चढावर थांबवलेली गाडी वीतभरही मागे न सरकता पुन्हा काढायची, हे अख्ख्या गावात तिला एकटीला जमलं होतं. बाकीच्यांनीही करून पाहिलं होतं. एकाने तर गाडी शेणखतात नेऊन रुतवली होती.

गाडी बरेच दिवस छान चालली. मग एका सकाळी घाटात आचके देऊन बंद पडली. दूध तापलं, नासलं, आणि गावाची सगळी सकाळ ओढ्यात ओतावी लागली.

दुसऱ्या खेपेला सासरे बरोबर आले. गाडी पुन्हा त्याच घाटात आचके देऊन गप्प झाली.

"डिझेल आहे ना गं?" सासऱ्यांनी विचारलं.

गाडीचा डिझेलचा काटा केव्हाच मेला होता. सगुणेने टाकीचं झाकण उघडलं, आत काठी बुडवून पाहिली. "हे काय, अर्ध्यावर आहे, मामंजी."

"मग दृष्ट लागली असणार. खालच्या गावचे लोक बघतात कसे टकामका." त्यांनी लिंबू-मिरची बांधली, गाडीवरून मीठ-मोहऱ्या उतरवल्या. "मार आता किल्ली."

गाडी सुरू झाली. मामंजींची मान ताठ झाली.

पण चार दिवसांनी गाडी पुन्हा थांबली. त्या दिवशी गावातला गिरणीवाला मागच्या फळीवर बसून चालला होता. तो खाली उतरला आणि म्हणाला, "वहिनी, आधी डिझेल बघा." सगुणेने झाकण काढून काठी बुडवली. डिझेल होतं. "मग सरका बाजूला. इंजिन म्हणजे रेडा. एक दणका दिल्याशिवाय हलत नाही. माझी गिरणी रोज मार खाते."

"तरीच पीठ असं भरड येतं होय, भावजी," सगुणा म्हणाली.

त्याने हातोडीच्या दांड्याने फिल्टरवर तीन-चार ठोके दिले. किल्ली फिरवताच गाडी सुरू. गिरणीवाल्याने गावभर सांगितलं की लिंबाने कधी इंजिन चालत नसतं.

पुढच्या खेपेला पाळी आली घाटाच्या पायथ्याच्या उस्ताद मेकॅनिकची. त्यानेही आधी डिझेल बघायला लावलं. मग फिल्टरवरचा छोटा हातपंप दाबून दाबून फेस काढला आणि म्हणाला, "ताई, लाइनीत हवा धरलीय. डिझेलच्या गाडीचा एकच शत्रू, हवा." त्याने सगळे नट आवळले आणि टाकीच्या झाकणालाही नवं रबर घालून ते कडेकोट बसवलं. गाडी सुरू झाली.

आता तीन उपाय, आणि तिन्हींचा गुण आलेला. सगुणा कुणालाच खोटं म्हणू शकेना. रोज निघताना लिंबू बांधायचं, फिल्टरला ठोके द्यायचे, हातपंप दाबायचा. देवाची पूजा आटोपेल, पण हा सोहळा आटपत नसे. आणि इतकं करूनही गाडी आधीपेक्षा लवकर बंद पडू लागली. पूर्वी घाट अर्धा उतरल्यावर थांबायची, आता पहिल्याच वळणाला.

पारावर वाद पेटला. मामंजी म्हणाले, लिंबू शिळं बांधते. गिरणीवाला म्हणाला, ठोका बायकी देते. उस्तादाने खालून निरोप धाडला की नट ढिले ठेवत असेल. तिघांचं एका गोष्टीवर कधी जमलं नाही, पण इथे जमलं: दोष सगुणेचा.

गावातली म्हातारी माणसं म्हणाली, "सगुणे, तू वाईट नाहीस. पण आणखी एकदा दूध नासलं, तर किल्ली गिरणीवाल्याच्या पुतण्याला द्यावी लागेल."

"तो गाडी शेणखतात घालणारा?"

"तोच. तेव्हा लहान होता."

"लहान कसला, मिशा होत्या त्याला," सगुणा म्हणाली आणि घरी गेली. तोंडाने बोलली खरी, पण रात्री किल्ली उशाशी घेऊन निजली. ती किल्ली हातात आल्यापासून तिला कुणी 'गुरवाची सून' म्हणत नव्हतं. सगुणा म्हणत होते.

सकाळी ती एकटीच निघाली. पहिलं वळण आलं, गाडीने आचके दिले आणि ती थांबली. मागे दुधाचे कॅन, वर चढत जाणारं ऊन. तिचा हात सवयीने सगळं एकदम करायला निघाला, आणि तिथेच तिने तो आवरला.

ती स्वतःशीच म्हणाली, "सगळं एकदम केलं तर गाडी चालेलही. पण कशाने चालली, ते आज पुन्हा कळणार नाही."

तिने आधी फक्त लिंबू बांधलं. किल्ली मारली. गाडी ढिम्म. लिंबू सोडलं, फक्त ठोके दिले. ढिम्म. मग हातपंप दाबला. तो खाली गेला तो वर यायलाच तयार नाही, जणू पलीकडून कुणी ओढून धरलंय.

तिन्ही उपाय संपले. दूध तापत होतं. सगुणा रस्त्याकडेच्या दगडावर बसली आणि विचार करू लागली: तिघांनी आणखी काय केलं होतं? कुणी न मोजलेलं असं काय होतं?

डिझेल बघितलं होतं. प्रत्येक वेळी, प्रत्येकाने, सगळ्यात आधी.

तिने टाकीचं झाकण फिरवलं. आतून 'सूं' असा आवाज आला, दम कोंडलेल्या माणसाने श्वास ओढावा तसा. मग हातपंप दाबला, तो गुमान वर आला. किल्ली मारली, गाडी सुरू.

दुसरी कुणी असती तर इथेच सुटली असती. सगुणेने झाकण पुन्हा कडेकोट लावलं आणि गाडी मुद्दाम पुढे काढली. खालच्या वळणाला गाडी आचके देऊन बंद पडली. नासायला टेकलेलं दूध मागे हिंदकळत होतं, आणि ती हसली. झाकण उघडलं: सूं. किल्ली: सुरू. आता कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली, असं कुणाला म्हणता येणार नव्हतं.

तिने झाकण उन्हात धरून पाहिलं. त्याला हवेसाठी बारीक भोक असतं. खंडेनवमीला गाडीची पूजा झाली, तेव्हा 'हे गाडीचं तोंड' म्हणून मामंजींनी झाकणावर तेलात कालवलेला शेंदूर थापला होता. तो वाळून भोकात घट्ट बसला होता. जुन्या रबराच्या फटीतून जी थोडी हवा जायची, ती उस्तादाच्या नव्या रबराने बंद केली. डिझेल बाहेर जायचं तर त्याच्या जागी हवा आत यायला हवी. ती येत नव्हती, आणि इंजिन उपाशी मरत होतं. सगुणेने बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढली आणि भोक कोरून मोकळं केलं.

त्या दिवशी दूध डेअरीत पोचलं, पण नासण्याच्या काठावर.

संध्याकाळी तिने झाकण पारावर नेऊन सगळ्यांना दाखवलं. मामंजींचा चेहरा पडला. "म्हणजे माझ्या हाताने झालं? मी तर भक्तीने लावला होता."

"भक्तीत खोट नाही, मामंजी. जागा चुकली. कुंकू कपाळाला लावतात, नाकपुडीत भरत नाहीत."

उस्तादही मुद्दाम घाट चढून आला होता. तो म्हणाला, "तरी मी म्हणत होतो, हवेचाच प्रश्न आहे."

"म्हणत होतात," सगुणा म्हणाली, "फक्त उलटा."

किल्ली तिच्याकडेच राहिली. पुढे एकदा गिरणी बंद पडली, तेव्हा दहा जण दहा हत्यारं घेऊन जमले. गिरणीवाला मधे आडवा झाला आणि म्हणाला, "हात लावू नका कुणी. आधी सगुणेला बोलवा. आणि तोवर कुणी काय काय केलं, ते एकेकाने नीट आठवून ठेवा."

तात्पर्य: एका वेळी एकच उपाय करावा; दहा एकदम केले, तर गुण येतो पण ज्ञान येत नाही.