चिमाकाकीचा हिरडा

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. फार म्हणजे किती, ते मला विचारू नका. खाडीतून गलबतं आत यायची आणि घाटातून बैलांचे तांडे खाली उतरायचे, तेव्हाची. सह्याद्रीच्या पायथ्याशी सातवीणकोंड नावाचं गाव होतं. गावात भाताचे चार तुकडे आणि बाकी सगळं रान. हे रान राजाचं नव्हतं आणि देवाचंही नव्हतं. ते घरोघरच्या मालकीचं होतं. कुणाचं टेकडीएवढं, कुणाचं अंगणाएवढं, पण ज्याचं त्याचं. आणि सगळ्यांच्या हद्दी येऊन भिडायच्या त्या एका ओढ्याला. कोकणात ओढ्याला पऱ्या म्हणतात. ह्याचं नाव वाघपऱ्या. सगळं गाव त्याचंच पाणी प्यायचं.

आता माणसाची जात कशी असते पाहा. रानाच्या मधलं झाड आपलंच असतं, ते कुठं पळून जात नाही. पण हद्दीवरचं झाड? ते आज आपण तोडलं नाही तर उद्या शेजारी तोडेल. म्हणून सातवीणकोंडात जो तो आधी हद्दीवर कुऱ्हाड घालायचा. एकाने किंजळ पाडला की दुसरा चवताळून ऐन पाडायचा. खाडीवरचे व्यापारी लाकूड मागतच होते. चिमाकाकीही त्यातलीच. तिचा नवरा लवकर गेला, पदरात एक लेक, अनसू. शेजारी धाकोजी, नात्याने लांबचा दीर. विधवेचं रान म्हणून हा आपली झाडं ढापील, ह्या धास्तीने चिमाकाकीने पऱ्याकाठची आपली सगळी झाडं एका हंगामात उतरवली. धाकोजीनेही तेच केलं, आणि कारणही तेच सांगितलं.

पऱ्याच्या दोन्ही काठांवर सावली उरली नाही. पावसात काठ ढासळले, डोहात माती भरली. आणि एका वर्षी चैत्रातच वाघपऱ्या आटला. गाव डबक्यातलं पाणी प्यायलं आणि गावात पटकी आली. त्यात अनसू गेली. तेव्हा ती नुकती उंबऱ्यावर चढायला शिकली होती.

चिमाकाकीच्या रानात मधोमध एक हिरड्याचं झाड होतं, दोन माणसांच्या कवेत न मावणारं. काकी रानात काम करायची तेव्हा अनसूची झोळी त्याच झाडाच्या फांदीला बांधायची. दोरी घासून घासून फांदीला खाच पडली होती. लेक गेल्यावर काकी रोज त्या झाडाखाली जाऊन बसायची. रडून झालं की पऱ्याकडे बघायची. आणि बघता बघता तिला ते सरळ दिसलं, की हे पाणी देवाने नेलेलं नाही. ते मी नेलं आणि धाकोजीने नेलं.

असं म्हणतात की त्या दिवशी ती तशीच उठली आणि धाकोजीच्या पडवीत जाऊन उभी राहिली. तो सुंभ वळत बसला होता. तिला पाहून त्याला वाटलं, आता ही शिव्या देणार.

काकी म्हणाली, "भावजी, माझ्या रानात चला. कुठलं झाड ठेवायचं आणि कुठलं काढायचं, ते तुमी सांगा. मला माझ्या रानातलं काय धड दिसत नाय. एका झाडाकडे बघते तर घरच्यांची आठवण येते, नि दुसऱ्याकडे बघते तर व्यापारी दिसतो."

धाकोजी हसला. "आणि तू मधे बोलायची नायस? तू, वैनी?"

"नाय बोलणार," ती म्हणाली, आणि कनवटीचा एक वाळका हिरडा काढून तिने तोंडात टाकला.

हिरडा ज्याने चघळला आहे त्याला माहीत आहे. जीभ अशी आवळते की बोलायचं म्हटलं तरी शब्द बाहेर पडत नाही. धाकोजी तिच्या रानातून हिंडला, काकी मागून मुकाट चालली. आणि गंमत अशी झाली की धाकोजी खरं बोलायला लागला. रान दुसऱ्याचं, त्यात त्याचा लोभ नव्हता आणि मायाही नव्हती. हा ऐन सरळ आहे, ह्याचं बी पडू दे. ही तीन एकमेकांच्या उरावर बसलीत, मधलं काढ. इथलं गवत जाळू नकोस, त्यात पोरं उगवलीत. आपण एवढं जाणतो हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी काकी त्याच्या रानात गेली. तो सारखा मधे बोलायचा, "अगो पण ते माझ्या बापाने...", तेव्हा तिने त्याच्याही हातावर हिरडा ठेवला.

तिथून हे सुरू झालं. आधी दोन घरं, मग वाडी, मग गाव. भात झोडून झालं की सगळे मालक एकेकाच्या रानात जमायचे. त्याला रानबैठक म्हणू लागले. नियम एकच होता. ज्याचं रान, त्याच्या तोंडात हिरडा. बाकीच्यांनी झाडं बघायची, भांडायचं, ठरवायचं, आणि त्या वर्षी काढायच्या झाडावर शेजाऱ्याने चुन्याचा पट्टा ओढायचा. पट्टा नसलेल्या झाडाला मालकाने हात लावायचा नाही. सगळं झालं की मालकाने बी थुंकायचं आणि पऱ्याचं पाणी प्यायचं. हिरड्यावर पाणी गोड लागतं. त्यामुळे कितीही चिडलेला मालक घरी जाताना जरा बरा असायचा.

काकी त्या बैठकांत शिकवायची, पण शिकवते आहे असं वाटू द्यायची नाही. पेरणीआधी जमीन भाजायला, राबासाठी फांद्या तोडता ना, मग शेंडा राखा, शेंडा गेला की झाडाचा जीव जातो. झाड पाडाल तर खाली, जमिनीलगत पाडा आणि खोड तिरकं कापा. पाणी साचलं नाही की फुटवा येतो. पऱ्याकाठी बैल फिरेल एवढी पट्टी न तोडता सोडा. आणि जुनं झाड पोकळ झालं, त्याच्या सावलीत पोरं खुरटली, तर मन घट्ट करा. हे शेवटचं ती नेहमी सांगायची आणि सांगताना दुसरीकडे बघायची.

तिच्याबद्दल काय काय सांगतात. असं म्हणतात की ती खोडावर थाप मारायची आणि झाड आतून किडलं असेल तर ते कण्हायचं. असं म्हणतात की तिच्या बैठकीला एकदा वाघ येऊन बसला, वरच्या कातळावर, पंजे पुढे टाकून, आणि शेवटपर्यंत गुरगुरला नाही. त्याच्याही रानाचा विषय निघाला असावा. घाटावरून लोक यायचे, खाडीपलीकडून होडीने यायचे, आणि परत जाताना कनवटीला हिरडे बांधून न्यायचे. ते सगळे हिरडे काकीच्या त्या एका झाडाचे.

आणि तिथेच सगळं अडलं.

दरवर्षी काकीच्या रानात बैठक बसायची. दरवर्षी धाकोजी चुन्याचं मडकं घेऊन हिंडायचा, आणि दरवर्षी त्या हिरड्याला वळसा घालून पुढे जायचा. झाड तोवर आतून पोकळ झालं होतं. उताराकडे कललं होतं. त्याच्या सावलीत ऐन, जांभूळ, शिवण, किती रोपं उगवली होती, पण सगळी काटकुळी, माना वाकड्या करून उजेड शोधणारी. झाड वादळात आपणहून पडलं असतं तर ती सगळी रोपं चिरडून, बांध फोडून पऱ्यात गेलं असतं. हे धाकोजीला दिसत होतं, गावाला दिसत होतं. काकीलाही दिसत होतं. कोण बोलणार?

बोलला तो बाळकोजी, वरच्या वाडीचा, मोठ्या रानाचा मालक. त्याच्या पऱ्याकाठच्या झाडांना व्यापाऱ्याने भाव दिला होता, आणि बैठकीने त्या झाडांना पट्टा ओढला नव्हता. आपल्याच रानातल्या बैठकीत त्याने तोंडातला हिरडा काढून हातात घेतला आणि म्हणाला, "मी गप्प बसायचं, माझ्या झाडांचा निवाडा तुमी करायचा. मग काकींचा हिरडा तेवढा सोवळा? त्याला पट्टा मारा, मग मी माझं तोंड मिटतो. नायतर उद्या माझी कुऱ्हाड माझ्या हद्दीवर."

त्याची कुऱ्हाड पडली की खालच्याची पडणार, मग त्याच्या खालच्याची, आणि पुन्हा चैत्रात डबकं. काकीला अनसू आठवली, आणि ती लेक ज्या फांदीला झुलली ती फांदीही आठवली. दोन्ही एकदम आठवलं. ती फक्त एवढंच म्हणाली, "उद्या माझ्या रानात बैठक."

दुसऱ्या दिवशी सगळं गाव लोटलं. काकीने त्याच झाडाखालचा एक हिरडा उचलला, पदराने पुसला आणि तोंडात ठेवला. धाकोजीच्या हातात चुन्याचं मडकं होतं. तो तिच्याकडे बघत राहिला. तिने नुसती नजरही हलवली असती, तर तो वळसा घालून गेला असता, हे तिला पक्कं माहीत होतं. म्हणून ती त्याच्याकडे न बघता पऱ्याकडे तोंड करून उभी राहिली.

धाकोजी झाडाभोवती हिंडला. खोडावर थाप मारली. खालच्या रोपांकडे वाकून बघितलं, एकेकाची मान सरळ करून बघितली. मग त्याने कुंचा बुडवला आणि खोडावर पट्टा ओढला. असं म्हणतात की तेव्हा त्याच्या डोळ्यांतून धार लागली होती आणि पट्टा मात्र सरळ आला.

हिरड्याचा तुरटपणा काकीच्या गळ्यापर्यंत उतरला, डोळे भरून आले, तरी तिने तोंड उघडलं नाही. बाळकोजीने मान खाली घातली. मग तिने बी ओंजळीत काढलं आणि म्हणाली, "भावजी, बरोबर केलंत. कुऱ्हाड माझ्या घरातली घ्या, तिला धार आहे. उताराकडे नका पाडू, पोरं मरतील. वरच्या अंगाला दोर लावा."

झाड वरच्या अंगाला पडलं. एकही रोप मोडलं नाही. असं म्हणतात की ते पडलं तेव्हा डोंगर घुमला आणि खाली वाघपऱ्यात, जिथं काठालगत कोरडे धोंडे होते, तिथं पाणी झुळझुळलं. शहाणे लोक सांगतात की ते पाणी आधीच्या वर्षांत राखलेल्या झाडांचं होतं. असेलही. पण सातवीणकोंडात शहाण्यांना तोंडात हिरडा धरायला सांगतात.

काकी झाडापाशी थांबली नाही. ती बी मुठीत घेऊन पऱ्याकाठी उतरली, आपलं रान आणि धाकोजीचं रान जिथं मिळतं, बरोबर त्या हद्दीवर. दोघांनी मिळून उघडी केलेली ती जागा होती. तिथं तिने बोटाने माती उकरली आणि बी पुरलं.

"भावजी, ही अनसू," ती म्हणाली. "ही माझी आणि तुमची पण. दोन्ही घरांनी विचारल्याशिवाय हिला कोण हात लावणार नाय."

धाकोजी म्हणाला, "दोन्ही घरं पाणी घालतील, वैनी. हात कोण लावतंय."

त्या बियाचं झाड झालं. पहिल्याच पावसात ते कमरेएवढं वाढलं असं म्हणतात, आणि हिरडा इतका भरभर वाढत नाही हे मलाही माहीत आहे. बाळकोजीने आपल्या हद्दीवर बी लावलं, मग त्याच्या खालच्याने, मग त्याच्या खालच्याने. वाघपऱ्याचे दोन्ही काठ पुन्हा काळोखे झाले, आणि नंतर कुठल्याच चैत्रात तो आटला नाही.

काकी पिकल्या वयात गेली. तिच्या चितेला प्रत्येक मालकाने आपल्या रानातलं एक वाळकं लाकूड आणलं, आणि त्या प्रत्येक लाकडावर शेजाऱ्याचा चुन्याचा पट्टा होता. कुणीतरी म्हणालं, काकींच्या तोंडात तुळशीबरोबर हिरडा ठेवूया. धाकोजी तेव्हा काठी टेकत आला होता. तो म्हणाला, "आज नको. जन्मभर धरून बसली. आता बोलू दे तिला."

आजही भात झोडून झालं की त्या मुलखात रानबैठका बसतात. मालक तोंडात हिरडा धरतो आणि शेजारी त्याच्या रानातून हिंडतात. एखादं पोर फार बडबडलं तर आई म्हणते, हिरडा धर. चुन्याचा कुंचा एका जुन्या काठीला बांधलेला असतो, आणि त्या काठीवर दोरी घासल्याची खाच आहे. काठी झोळीच्या त्या फांदीची की दुसऱ्याच कुठल्या, कोण सांगणार. खाच मात्र प्रत्येकजण बोट फिरवून बघतो.

आणि कुणी परका तिथल्या पऱ्याकाठी उभा राहून विचारतो, हे हद्दीवरचं झाड कुणाचं, ह्या अंगाच्या मालकाचं की त्या अंगाच्या? तेव्हा दोन्ही अंगांचे मालक एकच उत्तर देतात.

"ती लेक आहे."

मग तो परका ओंजळभर पाणी पितो आणि वाटेला लागतो.