उंबराईची शेज

पाय आखडा पोरांनो, मला भिंतीला जरा टेकू द्या. सांगते, सांगते. पण मध्ये मध्ये हूं म्हणायचं. नाही तर मला वाटेल तुम्ही निजलात, आणि मग मीच निजेन.

तर डोंगराच्या अगदी माथ्यावर एक गाव होतं बरं का. उंबरमाथा त्याचं नाव. गाव ते केवढं? या टोकाला कुणी शिंकलं, की त्या टोकाची म्हातारी म्हणायची, ‘शंभर वर्षं जग रे बाबा!’ एवढंसं गाव, पण हौस बघाल तर आभाळाएवढी. चैत्रात उंबराईदेवीची जत्रा आणि पालखी. श्रावणात बायकांचे फेर आणि झिम्मा. कार्तिकात सोंगं. लाकडाचे मोठे मोठे मुखवटे घालून गणपती यायचा, नरसिंह यायचा, दहा तोंडांचा रावण यायचा. दीपमाळ पेटली की खालच्या बारा गावांना दिसायची. लांबलांबची माणसं घाट चढून बघायला यायची. वर्षाला तीन उत्सव. त्यांच्या गप्पा गावाला वर्षभर पुरायच्या. भांडणंसुद्धा पुरायची.

त्या गावात धोंडाई नावाची एक बाई होती. तिच्या घराला देवळातला एकच मान. देवीची शेज घालायची. शेज म्हणजे अंथरूण गं चिमे. गुरवानं पूजा करायची, भोयांनी पालखी उचलायची, मानकऱ्यांनी फेटे बांधून उगीच पुढे पुढे करायचं. सगळं आटपलं, माणसं पांगली, की मग धोंडाईनं यायचं. देवीच्या पलंगावर गोधडी घालायची, उशी थोपटायची, दोन ओळी म्हणायच्या, समई बारीक करायची आणि दार ओढून घ्यायचं. देवी निजली, की मग धोंडाईनं घरी जाऊन पाठ टेकायची. देवीच्या आधी निजायचं नाही, हा तिच्या सासूनं घालून दिलेला नेम. सासू गेली, नवरा गेला, नेम तेवढा राहिला.

एकदा काय झालं, चैत्राच्या जत्रेला खालच्या मुलखातला राजा आला. राजाला सगळं होतं. हत्ती होते, घोडे होते, एक झोप तेवढी नव्हती. लहानपणीच त्याची आई गेली. तेव्हापासून जरा शांत झालं की ह्याला धडकी भरायची. मग कुठे गाणं बसव, कुठे तमाशा बघ, असं करून हा पहाट गाठायचा. उंबरमाथ्याचे ढोल ऐकून त्याचा जीव असा काही रमला म्हणता! तो म्हणाला, “वर्षातून एकदाच का? दर महिन्याला जत्रा करा.”

राजा बोले आणि दळ हाले. गावाला तरी काय, राजा आपल्याकडे आला म्हणून माना ताठ झाल्या होत्या. दर महिन्याला जत्रा सुरू झाली. आणि मग पालखी उचलताना भोयांना जरा जड लागली.

आता त्या डोंगरात अशी रीत, की देवीचं काही बिनसलं की पालखी जड होते. मग कौल लावायचा. देवीच्या उजव्या खांद्याला एक फूल चिकटवायचं, डाव्याला एक. प्रश्न विचारायचा. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. म्हातू गुरवानं फुलं लावली, हात जोडले आणि विचारलं, “आई, आमचं काही कमी पडतंय का गं?”

टप्‌! उजवं फूल पडलं. कमी पडतंय.

झालं! मानकरी म्हणाले, उत्सवच कमी पडतायत, दुसरं काय! मग दर आठवड्याला जत्रा. पालखी आणखी जड झाली. पुन्हा कौल. “आई, अजून कमी पडतंय?” टप्‌. उजवं. मग रोज जत्रा. रोज पालखी, रोज फेर, रोज सोंगं. तिसऱ्यांदा कौल लावला, तरी उजवंच. मग ढोल दुप्पट केले. काय कमी पडतंय, ते एकानंही विचारलं नाही. फेटा बांधला की माणसाला वाटतं, आपल्याला सगळं कळतं.

आणि शेज? सोंगं पहाटेपर्यंत चालायची. ती संपली की लगेच काकडआरतीचा चौघडा. धोंडाई रोज हातावर गोधडीची घडी घेऊन खांबाशी उभी राहायची. “म्हातूदादा, शेज घालू का?” म्हातू म्हणायचा, “आज राहू दे वयनी, उद्या घालू.” उद्याही तेच. शेज नाही, तर नेमाप्रमाणे धोंडाईलाही अंथरूण नाही. खांबाला डोकं टेकून उभ्याउभ्या डोळा लागायचा तेवढाच. तिच्या पायांचे तुकडे पडायचे. चुलीवर भात ठेवून ती विसरायची. एकदा तर शेळीला ‘सासूबाई’ म्हणाली. हसू नका. दमलेलं माणूस काय वाटेल ते बोलतं. मी नाही काल देवाला दूध ठेवायचं ते मांजरापुढे ठेवलं?

सगळं गावच दमलं होतं हो. ढोलवाल्यांचे दंड सुजले. झिम्मा खेळताना पोरी डुलक्या काढायच्या. रावण मारामारीच्या मध्येच मुखवट्याच्या आत घोरायला लागायचा, आणि बिचारा राम त्याला ढोसून उठवायचा, “अरे मर ना लवकर, मला घरी जायचंय.” पाहुण्यांना वाटायचं, काय छान विनोद आहे! ते टाळ्या वाजवायचे आणि परत बघायला यायचे.

धोंडाई एकदा गाभाऱ्याच्या दाराशी फुलं उचलत होती. सहज वर बघितलं. समईच्या उजेडात तिला देवीच्या डोळ्यांखाली काळं दिसलं. ती दचकली. पदरानं पुसायला गेली, तर काजळी नव्हे. ती पाणावलेल्या डोळ्यांनी म्हणाली, “माझे आई, तुझीपण माझ्यासारखीच गत झाली का गं?” ती म्हातूला सांगायला गेली. म्हातू म्हणाला, “वयनी, तुला झोप नाही, म्हणून तुला असं दिसतं.” ती पुन्हा गोधडी घेऊन खांबाशी जाऊन उभी राहिली.

मग वर्ष फिरून चैत्राची पुनव आली. मोठी पालखी. राजा आला, सगळा मुलूख लोटला. देवीला पालखीत बसवली. आठ भोई पुढे झाले. हर हर म्हणाले, खांदा लावला. पालखी हलेना. सोळा पैलवान आणले. मानेच्या शिरा फुगल्या, धोतरं सुटायची वेळ आली, पालखी आपली जागच्या जागी. राजाचा चेहरा पडला. तो म्हणाला, “तुमच्या गावात देवी खूश नाही. मी तिला माझ्या नगरात नेतो. तिथे रात्रंदिवस वाद्यं वाजतील, दिवे म्हणून विझणार नाहीत. हत्ती आणा!”

ते ऐकलं आणि धोंडाईच्या मनात आलं, दिवे विझणार नाहीत! म्हणजे माझ्या आईला आता जन्मात झोप नाही. तिथे हिची शेज कोण घालणार?

हत्ती आला. साखळदंड बांधले. माहुतानं अंकुश लावला. हत्तीनं ओढलं, पालखी वीतभर सरकली आणि शिसवी दांडी बोलली, कर्रर्र! अजून एक हिसका, की दांडी मोडून देवी दगडावर पडणार.

“थांबा!” धोंडाई ओरडली. जन्मात पहिल्यांदा ती माणसांत ओरडली. हातावर गोधडी तशीच. ती मानकऱ्यांना ढकलून पुढे आली आणि हत्तीच्या सोंडेपुढे उभी राहिली. “म्हातूदादा, कौल लाव. ह्या खेपेला मी विचारणार.”

मानकरी म्हणाले, “बाईमाणसानं कौल विचारायची रीत नाही.”

धोंडाई म्हणाली, “आणि देवीला वर्षभर जागं ठेवायची रीत आहे होय?”

म्हातूनं फुलं लावली. धोंडाई पालखीशी वाकली आणि कानात विचारतात तसं हळूच म्हणाली, “आई, झोप आली का गं?”

टप्‌ नाही बरं का, ह्या वेळी. उजवं फूल हळू घसरलं, खांद्यावरून हातावर आलं आणि धोंडाईच्या ओंजळीत पडलं. गावानं बघितलं. म्हातूनं स्वतःच्याच गालात मारून घेतली. म्हणाला, “वर्षभर विचारत होतो, पण धड विचारलंच नाही की!”

धोंडाईनं वाट बघितली नाही. भर दुपारची बारा वाजताची वेळ, डोक्यावर ऊन, पण तिनं तिथेच पालखीत गोधडी अंथरली. उशी थोपटली. ढोलांकडे वळून ओठांवर बोट ठेवलं आणि बसक्या आवाजात म्हणायला लागली,

नीज गं उंबराई, निजला गं घाट
निजली पाखरं, निजली वाट
दमल्या जिवाला अंथरली शेज
मी आहे जागी, तू आता नीज

हत्तीनं साखळ्यांसकट बसकण मारली आणि डोळे मिटले. ढोलवाल्यानं ढोलावरच डोकं ठेवलं. रावणानं दहाही तोंडं उतरवून उशाला घेतली. राजा उभा होता. इतक्या माणसांत इतकं शांत झालेलं त्यानं कधी ऐकलं नव्हतं. त्याला धडकी भरायला हवी होती, ती भरली नाही. असं कुणीतरी आपल्यालाही म्हणायचं, एवढंच त्याला आठवलं. तो हत्तीच्या पोटाला टेकून खाली बसला, आणि लहान पोरासारखा हमसून हमसून रडला, आणि रडता रडता निजला.

मग धोंडाईनं भोयांना खूण केली. आठ नाही, दोघेच पुढे झाले. खांदा लावला, तर पालखी कशी? पाखडलेल्या कोंड्याएवढी हलकी! वहाणा काढल्या, पोरींनी पैंजण काढून कमरेला खोवले, आणि जी माणसं जागी होती ती चवड्यांवर चालत निघाली. ना ढोल, ना जयजयकार. देवीला गोधडीसकट गाभाऱ्यात पलंगावर निजवली. म्हातूनं दाराला कुलूप लावलं, किल्ली कनवटीला खोचली आणि तोही पायरीवर आडवा झाला. देवी निजली, नेम पुरा झाला. धोंडाईनं घरी जायला पाऊल उचललं, पण ते पुढे पडेना. ती तिथेच उंबऱ्यावर डोकं ठेवून निजली. गावात त्या दिवशी चूल पेटली नाही, कुत्रं भुंकलं नाही.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तेव्हा म्हातू जागा झाला. कनवटीची किल्ली कनवटीला. झोपेच्या गुंगीत, खाली न बघताच, उंबऱ्यावरच्या धोंडाईला ओलांडून त्यानं कुलूप उघडलं. आत देवी पलंगावर उठून बसलेली, तोंड कसं ताजं, डोळ्यांखालचं काळं पार गेलेलं. पण अंगावर गोधडी नाही. म्हातूनं इकडे शोधलं, तिकडे शोधलं, मग मागे वळून बघितलं.

गोधडी उंबऱ्यावर होती. धोंडाईच्या अंगावर. गळ्यापर्यंत ओढलेली, पायाशी नीट खोचलेली, आणि डोक्याखाली देवीची उशी. सासू गेल्यापासून धोंडाईच्या अंगावर कुणी पांघरूण घातलं नव्हतं. म्हातूनं तिला उठवलं नाही. त्या दिवशीची काकडआरती त्यानं मनातल्या मनात म्हटली.

मग पुन्हा वर्षाला तीनच उत्सव झाले. चैत्राची पालखी मात्र तेव्हापासून मुकी निघते. लांबलांबची माणसं घाट चढून ती बघायला येतात, ओठांवर बोट ठेवून चालतात, आणि देवी निजली की देवळाच्या ओट्यावर गावाबरोबर आडवी होतात. राजाही दरसाल यायचा. स्वतःची गोधडी घेऊन यायचा, धोंडाईच्या ओळी ऐकायचा आणि घोरायचा. धोंडाई पिकल्या पानासारखी म्हातारी झाली. राजाला झोप मिळाली, देवीला शेज मिळाली, गावाला विसावा मिळाला.

हूं म्हणा की. नाही म्हणत? निजली वाटतं सगळी. चिमे, तू जागी आहेस ना? मग दिवा बारीक कर, आणि जाता जाता माझ्या पायांवर ती गोधडी तेवढी ओढ गं बाई.