म्हादबा पाणी का पीत नव्हते?

फार पूर्वी, डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका गावात ठकू नावाची सुईण राहत होती. निम्मं गाव तिच्याच हातावर जन्माला आलेलं. आता हात थकले होते, पण स्वभाव तसाच चौकस होता. कुठे काही वेगळं दिसलं, की "हे असं का?" हे तिच्या तोंडून निघालंच म्हणून समजावं.

त्याच गावात म्हादबांचा तेलाचा घाणा होता. एके सकाळी म्हादबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. मुलगा आणि सून दोघंही गुणी. सून तर सासऱ्यांचं सगळं अंथरुणातच करायची. भरवायची, अंग पुसायची, मळलेले कपडे बदलायची. सारं गाव तिचं कौतुक करत होतं.

पण काही दिवसांनी म्हादबांनी पाणी पिणं सोडलं. भांडं ओठांशी नेलं, की ते दात घट्ट आवळून घेत. ओठांना भेगा पडल्या, डोळे खोल गेले. वैद्य म्हणाले, "तहान मेली आहे." कुणी म्हणालं, बाहेरची बाधा असेल. मुलगा रडकुंडीला आला.

ठकू त्यांना बघायला गेली. सून तांब्यातून पाणी ओतत होती आणि म्हादबांची नजर त्या धारेवरून हलत नव्हती. तहान मेलेला माणूस पाण्याकडे असा बघेल का? ठकूला काही ते पटेना. तिने सगळ्यांना बाहेर पाठवलं आणि खाटेजवळ बसली.

"दादा, मी विचारते. हो असेल तर डोळे मिटा. तहान लागते?"

म्हादबांनी डोळे मिटले.

"गिळताना दुखतं?"

डोळे उघडेच.

"पाण्याला वास येतो? जगणं नको झालंय?"

म्हादबा तिच्याकडे बघत राहिले. डोळे मिटले नाहीत.

ठकू विचारात पडली. जगायचंय, तहानही आहे, मग अडतंय कुठे? बाळंतिणींच्या उशाशी तिचा जन्म गेला होता. कळा सोसणारी बाईसुद्धा अंगावरचं लुगडं सरकलं की आधी ते सावरते, हे तिने किती वेळा पाहिलं होतं. ती हळूच म्हणाली, "पाणी प्यालं की कपडे ओले होतात. ते सुनेला बदलावे लागतात. त्याची लाज वाटते का, दादा?"

म्हादबांनी डोळे मिटले. मग बराच वेळ ते उघडलेच नाहीत.

ठकूने बाहेर येऊन सांगितलं, तेव्हा सून दाराला टेकून उभी होती. "मला वाटायचं, माझ्याच हाताला काही दोष आहे," ती म्हणाली.

त्या दिवसापासून अंघोळीला आणि कपडे बदलायला गावचा न्हावी येऊ लागला, मुलगा त्याच्या हाताखाली राहू लागला. म्हादबा पोटभर पाणी पिऊ लागले.

"मावशी, हे आधी कळलं असतं तर त्यांचे एवढे हाल झाले नसते," मुलगा म्हणाला.

"वाचा होती तेव्हा, असं अंथरुणाला खिळलात तर काय हवं, हे विचारलं होतंस कधी?"

"असलं कसं विचारायचं? वाईट दिसतं."

ठकू घरी निघाली. बाळ यायचं म्हटलं, की घर कितीतरी आधीपासून तयारीला लागतं. म्हातारपण तर त्याहून सावकाश येतं, सांगून येतं. मग त्याची तयारी का कुणी करत नाही?

घरी पोचताच तिने मुलाला विचारलं, "केरबा, उद्या माझं असं झालं तर?"

"आई, तिन्हीसांजेला असलं बोलू नको."

"बरं, सकाळी बोलू," ठकू म्हणाली, आणि सकाळी खरंच सुनेला, मैनाला घेऊन त्याच्यासमोर बसली.

"मला दारात बसवत जा, येणारी-जाणारी माणसं दिसू देत. घास गिळवेना झाला, तर बळेबळे भरवू नका. आणि माझ्या वतीने काही ठरवायची पाळी आली, तर मैनाने ठरवावं."

केरबाचा चेहरा उतरला. "मी पोटचा मुलगा असताना?"

"माझी वेळ आली तरी तू मायेपोटी मला जाऊ द्यायला तयार होणार नाहीस, बाळा. ती माझं ऐकेल." मग ठकू सुनेकडे वळली. "तुला काय जमणार नाही, तेही सांग."

मैनाने आधी नवऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "आत्याबाई, तुम्हाला एकटीने उचलणं माझ्या पाठीला झेपायचं नाही. आणि कधीतरी मला माहेरी जाऊ द्यावं."

"मग विहिरीकडच्या तुकड्याचं पीक मदतीच्या बाईसाठी ठेवायचं. घर मी असेपर्यंत माझं, माझ्यामागे तुम्हा दोघांचं."

तिघं चावडीवर गेली आणि पंचांसमोर हे सारं बोलली. पंचांपुढे बोललेला शब्द म्हणजे त्या गावचा कायदाच होता. केरबाच्या मनातली अढी मात्र जायला पुष्कळ दिवस लागले.

काही वर्षं गेली. ठकूला हळूहळू काही आठवेनासं झालं. एकदा तिचा भाऊ आला आणि पंचांना म्हणाला, "बहिणीला मी नेतो. घराचंही आत्ताच काय ते करून टाका, तिला कुठे काही कळतंय?"

"कळत होतं तेव्हाच तिने सगळं सांगून ठेवलंय," पंच म्हणाले. भाऊ जायला उठला. केरबाने मामाला आग्रहाने जेवायला थांबवलं. त्या दिवशी पहिल्यांदा त्याला आईच्या त्या सकाळच्या बोलण्याचं बरं वाटलं.

मैना दारात सासूचे केस विंचरत होती. ठकूने मान वळवून तिच्याकडे निरखून पाहिलं.

"तू कोण गं, पोरी?"

"मी मैना."

"मला काय हवं, काय नको, हे तुला कसं ठाऊक?"

"तुम्हीच सांगितलंत, आत्याबाई."

"हो का?" ठकू म्हणाली, आणि समाधानाने रस्त्याकडे बघू लागली.

तात्पर्य: म्हातारपणी आपल्याला काय हवं, ते बोलता येतंय तोवर सांगून ठेवावं, आणि ज्यांच्यावर माया आहे त्यांना, वाईट दिसेल म्हणून न थांबता, ते विचारावं.