पाठमोरी बाई

“...आणि ती वळली तर, मास्तर?”

धैर्यशीलने विचारलं आणि स्वतःच्याच आवाजाला दचकला. रिकाम्या दालनात आवाज जरा जास्तच घुमतो.

पहिल्या चित्रासमोर उभे राहून रावजी मास्तर धोतराच्या सोग्याने चष्मा पुसत होते.

धैर्यशील इंगवले म्हणजे आता मोठं नाव. दिल्लीत चित्रं लागलेली, परदेशात गेलेली. आपल्या कोल्हापुरात मात्र एकट्याचं प्रदर्शन हे पहिलंच. संध्याकाळी उद्घाटन, आणि सकाळीच या गृहस्थाने रिक्षा पाठवून म्हाताऱ्या मास्तरांना बोलावून घेतलं होतं. आईबापांनी हौसेने धैर्यशील नाव ठेवलं खरं, पण त्या सकाळी ते त्याच्या अंगाला बसत नव्हतं.

शेवटच्या चित्रावर त्याने चादर टाकून ठेवली होती.

“सगळी स्वप्नं आहेत,” तो म्हणाला. “दिसलं तसं काढलं.”

पहिल्या चित्रात कोरड्या तळ्यात होड्या उभ्या होत्या आणि झाडांवर माणसं झोपली होती. त्यांच्या पार पलीकडे जोंधळ्याच्या दाण्याएवढी एक बाई. पाठमोरी. दुसऱ्यात घरांना दारं नव्हती, म्हशी कौलांवर बसून रवंथ करत होत्या, आणि बाई बोटाएवढी झाली होती. पुढच्या चित्रात वीतभर. मग हातभर. निळं लुगडं, सुटत आलेला अंबाडा, आणि कायम पाठ.

“दर चित्रात जवळ येतेय, बघा की. लोक म्हणतात, काय गूढ आहे, काय शैली आहे! मला झोप नाही, मास्तर. डोळा लागला की ती असतेच.”

“हं.”

“म्हणा, भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणा.”

मास्तर हसले नाहीत. “हितं भ्यालंय कोण, ते बघू आधी.”

“मागच्या महिन्यात ती मान वळवायला लागली. तसंच काढलं. पण तोंड काढायला गेलो की ब्रश खाली ठेवतो. वाटतं, तोंड काढलं की संपलं.”

“काय संपलं?”

“मी.”

मग त्याने कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, चादरीने झाकलेल्या चित्रासमोर ठेवलं आणि ब्रश पुढे केला.

“तोंड तुम्ही काढा.”

मास्तरांनी ब्रशकडे पाहिलं.

कला विद्यालयात मास्तरांची एक रीत होती. पोराच्या स्टुलावर स्वतः बसायचे आणि त्याच्याच कागदावर त्याची चूक दुरुस्त करायचे. सगळी पोरं निमूट उठून जागा द्यायची. एकट्या धैर्यशीलने भर वर्गात म्हटलं होतं, “माझ्या चित्राला हात लावायचा नाही.” त्यानंतर मास्तरांनी कधी लावलाही नव्हता.

आता तो स्वतःच स्टूल देत होता.

मास्तर लगेच बसले नाहीत. काठी टेकत ते सगळ्या चित्रांसमोरून एकदा जाऊन आले.

“कुठनं येती म्हणतोस ही?”

“समोरून... माझ्याकडं.”

“पाठमोरी?”

“हो.”

“पाठमोरं माणूस जवळ येतं व्हय रे?”

लांबचं लहान, जवळचं मोठं, हे धैर्यशील मिसरूड फुटायच्या आधी शिकला होता. सत्तेपुढे शहाणपण चालत नाही म्हणतात, पण भीतीपुढे तर ते उभंसुद्धा राहत नाही.

“चादर काढ.”

त्याने चादर ओढली आणि चटकन चित्राकडे पाठ केली.

कॅनव्हास पुरुषभर उंच, खाली थेट जमिनीला टेकलेला. बाईने तो भरून टाकला होता. मान अर्धी वळलेली, आणि तोंडाच्या जागी नुसतं कोरं कापड.

स्टूल करकरलं. मास्तर बसले होते.

“उजेड कुठनं आलाय चित्रात?”

“बघणाऱ्याच्या मागनं,” धैर्यशील भिंतीकडे बघत म्हणाला.

“सगळ्याच चित्रांत?”

“सगळ्याच.”

“मग सावली कुठाय?”

“कुणाची?”

ब्रश कापडावर घासल्याचा आवाज तेवढा आला. आता नाक येत असेल, आता डोळे. धैर्यशीलच्या पाठीवर कुणीतरी बघत असल्यासारखे शहारे उठले.

“झालं. बघ.”

“नको, मास्तर.”

“बघ म्हणतो न्हवं?”

तो वळला.

तोंड कोरंच होतं. मास्तरांनी तिकडे ब्रश नेलाच नव्हता. खालच्या कडेपासून बाईच्या टाचांपर्यंत एक काळपट सावली पसरली होती. अलीकडून पलीकडे गेलेली. एका पुरुषाची, डावा खांदा उतरलेली.

धैर्यशीलचा हात नकळत आपल्या उतरलेल्या डाव्या खांद्यावर गेला.

“ही...”

मास्तर काठीच्या आधाराने उठत होते.

धैर्यशील एक पाऊल मागे सरला. आणखी एक. मग त्याला बाईची टाच दिसली, पळत्या माणसाची असते तशी उचललेली. पायाची बोटं मातीत रुतलेली. लुगड्याचा घोळ मुठीत इतका आवळलेला की बोटांची पेरं पांढरी पडली होती. हे सगळं त्यानेच रंगवलं होतं, आणि आजवर एकदाही पाहिलं नव्हतं.

भीती गेली नव्हती. पण आता ती बाईची नव्हती, त्या सावलीची होती.

मास्तरांनी ब्रश त्याच्या हातात ठेवला.

“तोंड... तोंड कसं काढू, मास्तर?”

“दमानं काढ,” मास्तर म्हणाले. “लई भ्यालीय ती.”